शंभर यार्डांच्या आत

आमच्या अप्पांचा स्वभाव संशयी होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. पानांची चवड आली की ते वरची पानं कधी बघायचे नाहीत, मधली चार ओढून काढायचे, कारण कुजकी पानं मधेच लपवतात असं त्यांचं ठाम मत. काडेपेट्यांचा पुडा फोडला की एकेक पेटी कानाशी हलवून बघायचे. दूधवाल्याला भर उन्हाळ्यात विचारायचे, "काय हो, तुमच्याकडं पाऊस लई झाला वाटतं?" बिचारा दूधवाला ओशाळून हसायचा, आणि तो हसला म्हणून अप्पांचा संशय आणखी पक्का व्हायचा. आम्ही पोरं त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायचो. आता माझी लेक माझी करते. ती यंदा बारावीला आहे, आणि तिच्या डोक्याला तेल लावायच्या निमित्तानं मी तिच्या केसांचा वास घेते, हे तिला बरोबर कळतं. "आई, धुराचा वास येतोय का? सांग, लाजू नकोस," म्हणते. रक्तच ते, जाणार कुठं?

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या फाटकाला लागून अप्पांची पानटपरी होती आणि तिथून दोन गल्ल्या आत आमचं दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अप्पांची पूजा, भिंतीवर शिवलिंगाचा फोटो, आणि त्याच भिंतीला लावलेल्या खाटेखाली टपरीचा सगळा माल: जर्द्याचे डबे, विड्यांचे कट्टे, सिगारेटचे खोके, सुपारीची पोती. मागच्या खोलीत अव्वाचं राज्य. अव्वा म्हणजे आमची आई. आमच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं, त्यामुळं आई हा शब्द आम्ही फक्त शाळेच्या निबंधात वापरला. ती सकाळी शेंगाचटणी कुटायला बसली की उखळीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. त्या आवाजावर मी जागी व्हायचे. मग भाकरी थापण्याचा आवाज, मग तव्यावर कडक होत चाललेल्या भाकरीचा खरपूस वास. पण तो वास आमच्या घरात एकटा कधीच यायचा नाही, त्याच्या मागोमाग खाटेखालच्या तंबाखूचा यायचा. आमच्या अंथरुणाला, दप्तराला, देवाच्या वस्त्रालासुद्धा तो वास होता. अक्कलकोटची मावशी आली की पहिल्यांदा पदर नाकाला लावायची. आम्हाला मात्र तो वास येतच नव्हता. मासळीवाल्याच्या घरात मासळीचा वास कुणाला येतो? आमची सगळी चूक तिथंच झाली, पण ते नंतर कळलं.

माझ्याहून दोन वर्षांनी मोठा शिवा. तो त्याच कॉलेजात बी.कॉम.ला, आणि मी पहिल्या वर्षाला, सायन्सला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मुलगी मीच. शिवाचा शिरस्ता असा की दुपारी तास संपले की टपरीवर जायचं, अप्पांना जेवायला घरी पाठवायचं, आणि ते जेवून, थोडं लवंडून परत येईपर्यंत गल्ल्यावर बसायचं. अप्पांनी उभ्या जन्मात ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा जगात एकच माणूस होता, तो शिवा. "माझं पोरगं दुपारची झोप सोडून धंदा बघतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. खरंच सांगते, मलाही त्याचं कौतुक वाटायचं. थोडा रागही यायचा, कारण माझ्या अभ्यासाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

फेब्रुवारी उजाडला की आमच्या घरात बजेटचं वारं शिरायचं. इतरांच्या घरी बजेट म्हणजे टीव्हीवरची बातमी, आमच्याकडं ते खाटेखाली यायचं. आठवडाभर आधीच ठोक व्यापाऱ्याकडं सिगारेट मिळेनाशी व्हायची. तो हात जोडून म्हणायचा, "मालच न्हाई शेठ," आणि अप्पा घरी येऊन सांगायचे, "न्हाई कसा? गोदामात उंदराला फिरायला जागा न्हाई. भाव वाढायची वाट बघतोय लबाड." हे म्हणत ते स्वतःही चार खोके खाटेखाली आणखी आत ढकलायचे. भाव वाढले की कॉलेजची पोरं अप्पांवर संशय घ्यायची. "काका, बजेट आत्ता दिल्लीत सांगितलंय, तुमच्याकडं सकाळीच कसं पोचलं?" असं एकानं विचारलं तेव्हा अप्पा त्याच्याकडं न बघता सुपारी कातरत राहिले. आणि अप्पांचा स्वतःचा संशय कंपनीवर. नवं पाकीट आलं की ते एक सिगारेट काढून तिच्याशेजारी जुनी ठेवायचे, डोळा बारीक करून बघायचे आणि विजयी मुद्रेनं म्हणायचे, "बघ, आखूड केली. भाव तोच दाखवायचा आणि आतनं कापायची." कधी कधी त्यांचं खरंही निघायचं. म्हणून तर असा स्वभाव सुटत नाही माणसाचा.

त्या वर्षी मात्र भाव भलतेच वाढले. दुपारी जेवताना अप्पा रोज नवी बातमी आणायचे. जेवताना त्यांना बोलायला लागायचं, आणि बोलायला एकच विषय. "तो अकलूजचा न्हाई का, बागायतदाराचा, बुलेटवाला? पाकीटच घ्यायचा रोज. आता सुट्ट्या दोन घेतो आणि दिवस काढतो." दुसऱ्या दिवशी, "आता तिघं मिळून एक घेत्यात. एकानं ओढायची, दोघांनी तोंडाकडं बघायचं. बघवत न्हाई." मग, "केमचा तो काळासावळा पोरगा, रेल्वेनं येतो बघ, त्यानं तर सोडलीच. म्हनला, काका, तेवढ्यात माझा वडापाव होतो." काही पोरं विडीवर आली, काही मावा चोळायला लागली, तेही अप्पा सांगायचे, पण तो तोटा भरून निघत नव्हता. धंदा बसत चालला होता.

अव्वा तेव्हा चुलीपुढं असायची. ती सहसा या बोलण्यात पडायची नाही. एके दिवशी मात्र तिनं भाकरी उलटता उलटता विचारलं, "म्हंजी महाग झाली की सुटती व्हय?"

"सुटती की! खिशाला चटका बसला की समदं सुटतं. शिकवून, ओरडून, पाकिटावर लिवून काय हुत न्हाई. खिसा हाय ना, त्योच खरा मास्तर," अप्पा म्हणाले आणि आणखी चटणी मागितली. अव्वानं चटणी वाढली. आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

कॉलेजच्या भिंतीवर एक पाटी होती. शैक्षणिक संस्थेच्या आवारापासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करणं हा गुन्हा आहे, असं तिच्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं. पाटीच्या बरोबर खाली अप्पांची टपरी. पाटी इतकी जुनी की तिच्या खिळ्याला अप्पांनी ताडपत्रीची दोरी बांधली होती. माझ्या ॲडमिशनच्या वेळी अव्वा माझ्याबरोबर आली होती, तेव्हा ती त्या पाटीखाली थांबून म्हणाली, "काय लिवलंय गं?" मी वाचून दाखवलं. यार्ड म्हणजे किती, तेही सांगितलं. ती म्हणाली, "मग आपली टपरी हितं कशी?" मी हसले. नियम काय, सगळीकडंच असतात, कोण पाळतंय?

मार्चमध्ये परीक्षेच्या थोडं आधी एन.एस.एस.च्या सरांनी आम्हा आठ-दहा जणांना मैदानावर बोलावलं. हातात लांबच लांब टेप आणि फक्कीची घमेली. प्राचार्यांचा हुकूम आला होता की फाटकापासून शंभर यार्ड मोजायचे, रेघ मारायची, आणि आतल्या टपऱ्यांची नावं महापालिकेला कळवायची. मी मागं मागं राहिले. सरांनी नेमकं मलाच पुढं घेतलं. "तुझ्या वडलांची टपरी ना ती? मग तूच धर टेप. म्हणजे कुणी म्हणणार नाही की कॉलेजनं दुजाभाव केला." या माणसाच्या मनात नेमकं काय होतं हे मला आजतागायत कळलेलं नाही. आदर्श घालून द्यायचा होता, की पोरीला पुढं केली म्हणजे बाप भांडणार नाही असा हिशेब होता? मला यातलं दुसरं कारण खरं वाटतं.

टेपचं एक टोक मैत्रिणीनं फाटकाच्या खांबाला धरलं आणि दुसरं टोक घेऊन मी चालायला लागले. टपरी तर चार पावलांवर. तिथपर्यंत जाऊन मला थांबावंसं वाटलं, पण टेप संपत कुठं होती? अप्पा अडकित्ता हातात घेऊन उभे. ते माझ्याकडं बघत होते, टेपकडं बघत होते, पुन्हा माझ्याकडं. मी त्यांच्यासमोरून टेप ओढत पुढं गेले. झेरॉक्सचं दुकान, सायकलवाला, रसवंती, सगळं मागं टाकून वळणापर्यंत गेले. तिथं फक्कीची रेघ पडली. परत आले तेव्हा अप्पांनी सरांना स्वतःच्या हातानं मघई पान करून दिलं होतं आणि सर ते चघळत होते. "घ्या की सर, गुलकंद जास्त घातलाय," असं अप्पा अगदी गोड आवाजात म्हणत होते. त्या गोड आवाजाची मला भीती वाटली.

आठवड्याच्या आत टपरी उचलली गेली. पालिकेचा ट्रक आला, आणि ज्या खिळ्याला दोरी होती तो खिळाही उपसून गेला. अप्पा घरी बसले. सकाळच्या वेळी अप्पा घरात हे आम्हाला कुणालाच सवयीचं नव्हतं. ते खाटेवर बसून सुपारी कातरायचे आणि गिऱ्हाईक नाही म्हणून स्वतःच खायचे. आणि विचार करायचे. नियम काय आजचा आहे? वर्षानुवर्षं भिंतीवर झोपलेला. मग तो आत्ताच जागा कसा झाला? कुणीतरी उठवला, हे उघड होतं. पहिला संशय वळणावरच्या नागनाथवर, कारण त्याची टपरी बरोबर रेघेच्या पलीकडं होती. "त्यानं महिनाभर आधीच जागा हलवली. त्याला कसं कळलं, सांग?" मग कॉलेजच्या कँटीनवाल्यावर. मग एका सरांवर, ज्यांची कधीतरी चुना जास्त झाल्यामुळं जीभ भाजली होती. "तवापास्नं डूख धरून हाय." अप्पा चौकशीला बाहेर पडायचे, एकेकाला भेटून यायचे, आणि संध्याकाळी एकेक नाव गळायचं. नागनाथ तर उलट घाबरलेला होता, पुढची रेघ त्याच्यापर्यंत येईल म्हणून. शेवटी कँटीनवाल्यानंच अप्पांना सांगितलं, "कॉलेजचा शिपाई म्हनत होता, तुमच्या घरातलंच कोणतरी प्रिन्सिपल साहेबांना भेटून गेलं."

घरातलं. घरात आम्ही चौघं. अप्पा स्वतः नाहीत. शिवा कसा असेल? त्याचा तर टपरी गेल्यापासून चेहरा उतरला होता, अप्पांहून जास्त. अव्वा चुलीपुढून उठत नाही. राहिले मी, टेप हातात धरलेली.

अप्पांनी थेट विचारलं नाही. आधी जेवताना माझ्याशी बोलणं बंद केलं. मग मी नसताना माझी दप्तराची पिशवी तपासली. वह्या उलट्या लावलेल्या होत्या, म्हणून मला कळलं. मी शिवाला म्हटलं, तू तरी सांग त्यांना. तर तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "तू सरांशी लई बोलत असतीस, हे खरं हाय की." हेच त्यानं अप्पांनाही सांगितलं होतं. माझा सख्खा भाऊ! मला इतका संताप आला की त्या दिवशी मी जेवले नाही. याला काय पडलंय माझ्यावर ढकलायचं, हा विचार डोक्यातून जाईना. अप्पांचं रक्त माझ्यातही होतं. मीही आता सगळ्यांवर संशय घ्यायला लागले होते.

परीक्षेला थोडे दिवस उरले असताना सकाळी मी पिशवी खांद्याला लावून निघाले, तर अप्पा दारात. "कुटं?"

"कॉलेजला."

"बंद." ते म्हणाले. "ज्या कॉलेजानं माझी चूल विझवली तितं माझी पोरगी शिकणार न्हाई. परीक्षा न्हाई नि काय न्हाई. अक्कलकोटच्या मावशीनं स्थळ सांगितलंय, येत्या सोमवारी बघायला येत्यात. बापाला विकून मार्क मिळवायचे असत्याल तर सासरी जाऊन मिळव."

मी रडायला लागले. शपथा घेतल्या, देवाच्या, विद्येच्या, कुणाच्या घेतल्या नाहीत ते विचारा. अप्पांना शपथ म्हणजे गुन्ह्याची कबुली. शिवा भिंतीला टेकून उभा, तोंडात वेलदोडा. आणि मागच्या खोलीतून भाकरी थापायचा आवाज अचानक थांबला.

"तिनं न्हाई सांगितलं," अव्वा दारात येऊन म्हणाली. हाताला पीठ तसंच.

"मग कुणी?"

"मी."

अप्पा चक्क हसले. "तू? तुला त्या हापिसाचं दार तरी म्हाईत हाय का?"

"निळं हाय. भाईर बाकडं हाय, त्येचा एक पाय मोडलाय. शिपाई आत सोडत नव्हता, मग मी तितंच बसले. सायेब भाईर आल्यावर म्हनलं, तुमची ती भिंतीवरची पाटी खरी हाय का नुसती रंगवल्याली हाय? खरी असंल तर चालवा की."

अप्पांचं हसू गेलं. मी रडायची थांबले. अव्वा, जिला मंडईत भाव करतानाही शेजारीण लागायची, ती एकटी कॉलेजात गेली होती!

"कशापायी?" अप्पांचा आवाज बारीक झाला. "माझ्या पोटावर पाय दिलास? कशापायी?"

"शिवाची बोटं बघा."

शिवानं हात मागं घेतला. अप्पांनी तो मनगटाला धरून पुढं ओढला आणि उजेडात आणला. टपरीवर बसणाऱ्याची बोटं कातानं लाल असतात, अप्पांचीही होती, म्हणून आम्ही कुणी त्या बोटांकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. पण टपरी जाऊन आता काही दिवस झाले होते. लाल रंग धुऊन गेला होता आणि खाली, दोन बोटांच्या पेरांवर, पिवळा जर्द डाग होता. अप्पांनी अंगठ्यानं तो घासून बघितला. निघाला नाही. (शिवानं पुढं सोडली, असं तो म्हणतो. त्याच्या घरी गेले की अजून मी पाण्याचा पेला त्याच्याच हातून मागून घेते.)

"मी कापडं धुते," अव्वा म्हणाली. "घरात आधीच तंबाखूचा वास, त्यामुळं मलाबी कळलं न्हाई लई दिवस. एकदा दुपारी तुमी जेवून लवंडला हुता, तवा ह्येला भाकरी द्यायला म्हनून टपरीवर गेले, तर हा फळीमागं बसून ओढत हुता. एक विझायच्या आत दुसरी." तिनं पदरानं तोंड पुसलं, पीठ गालाला लागलं. "तुमीच म्हनत हुता, खिशाला चटका बसला की सुटती. त्या केमच्या पोराला बसला, सुटली. अकलूजच्याला बसला, कमी झाली. आपल्या पोराला कुटनं बसंल? त्येला तर फुकट. सरकारनं भाव आभाळाला नेऊ द्या, आपल्या टपरीत त्येच्यापुरता भावच न्हाई. लोकांची पोरं वाचायला लागली आणि माझं एकटं जळायला लागलं. बघत बसू?"

"कधीतरीच ओढतो, अप्पा," शिवा म्हणाला.

"सुम्म कुंद्र!" अप्पा त्याच्यावर ओरडले. गप्प बस म्हणून. कधीतरीच ओढतो म्हणणारी शेकडो पोरं त्यांनी फळीच्या पलीकडं उभी बघितली होती. मग ते अव्वाकडं वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीतरी दुखावल्यासारखं होतं. "मला सांगायचं हुतंस की. घरातल्या घरात. एवढ्या मोठ्या माणसापुढं जाऊन नवऱ्याची तक्रार करायची म्हंजी... माझ्यावर विश्वास न्हाई व्हय तुझा?"

"तुमाला सांगितलं असतं," अव्वा म्हणाली, "तर सिगारेट ठेवायचं बंद केलं असतं तुमी?"

मला वाटलं, ते हो म्हणणार. कुणीही म्हणेल अशा वेळी. बायको समोर उभी, मुलगा असा, मुलगी रडतेय. नुसतं हो म्हणायला काय लागतं? त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग मिटलं. खाटेखाली बघितलं, तिथं परत आणलेले खोके होते.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "शिवाला उठवला असता तितनं. सिगारेट ठेवलीच असती."

"मग त्यो नागनाथाकडं बसला असता, तुमच्या नावावर उधार ओढत. टपरीच न्हाई म्हनल्यावर आता उधार कोन देतंय?" अव्वा म्हणाली आणि चुलीकडं गेली. तव्यावरची भाकरी करपली होती, ती तिनं बाजूला काढली.

मी तशीच उभी, पिशवी खांद्याला. जायचं की थांबायचं, कुणाला विचारायची हिंमत नव्हती. अप्पा माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीकडं बघत होते. "तास कितीला असतो तुझा?"

"साडेदहाला."

"मग हितं काय बघत उभारलीस? जा की."

मी चप्पल पायात सरकवली. दारातून मागं बघितलं, तर शिवाचा हात अप्पांनी अजून सोडला नव्हता.